सवलतीच्या मुक्कामाची किंमत

जुईनगर हे नवी मुंबईत हार्बर मार्गावर सानपाडा आणि नेरूळ यांच्या मध्ये वसलेले उपनगर असून, ठाण्याहून तुर्भेमार्गे पनवेलकडे जाणारा ट्रान्स-हार्बर मार्ग याच ठिकाणी हार्बर मार्गाला येऊन मिळतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेले सेक्टर, त्यांच्या कडेने टिकून राहिलेली आगरी-कोळी गावठाणे, रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत आणि जवळून जाणारा शीव–पनवेल महामार्ग अशी या उपनगराची ठेवण आहे. येथे राहणारी कुटुंबे बहुतांशी पगारावर जगणारी, घराचे हप्ते वेळेवर भरणारी आणि वर्षातून एकदा तरी मुलांना घेऊन बाहेर पडता यावे म्हणून काटकसरीने पैसे बाजूला ठेवणारी आहेत. अशा कुटुंबाला लोणावळा, महाबळेश्वर किंवा गोवा येथे नाममात्र दरात दोन रात्रींचा मुक्काम देऊ करणारे निमंत्रण येते, तेव्हा त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात जुईनगरहून निघणाऱ्या अशा प्रवासाचा टप्प्याटप्प्याने मागोवा घेतला असून, मुक्कामाचा दर एवढा कमी का असतो, उरलेली किंमत कोणत्या रूपात वसूल होते आणि ती वसूल करण्याची पद्धत कशी रचलेली असते, या तीन प्रश्नांचा विचार केला आहे.

या निमंत्रणामागे उभा असलेला व्यवसाय टाइमशेअर या नावाने ओळखला जातो. पर्यटनस्थळावरील निवासाचा वापर वर्षातील आठवड्यांमध्ये विभागून, त्यातील एखाद्या आठवड्याचा हक्क अनेक वर्षांसाठी आगाऊ रकमेला विकणे, असे त्याचे मूळ स्वरूप आहे. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेली हापिमाग ही कंपनी या कल्पनेच्या आरंभीच्या प्रवर्तकांपैकी एक मानली जाते, तर एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेता यावा यासाठी अमेरिकेत १९७४ साली आरसीआय ही विनिमय-संस्था सुरू झाली. भारतात चेन्नईच्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सने १९८६ पासून आणि महिंद्रा उद्योगसमूहाच्या क्लब महिंद्राने १९९६ पासून ही पद्धत मध्यमवर्गापर्यंत नेली. सर्वसाधारण योजनेत सभासद एकरकमी किंवा हप्त्यांनी प्रवेशशुल्क भरतो, त्याबदल्यात त्याला दरवर्षी ठरावीक दिवसांच्या वास्तव्याचा हक्क मिळतो, आणि देखभालीसाठी त्याला वार्षिक शुल्क वेगळे द्यावे लागते. वर्षाचे दिवस मागणीनुसार हंगामांत विभागलेले असतात व खोल्यांचेही आकारानुसार वर्ग केलेले असतात, त्यामुळे स्वस्त हंगामाचे सभासदत्व घेतलेल्याला दिवाळीची किंवा नाताळची सुटी त्या हक्कात सहसा बसवता येत नाही. भारतातील बहुतेक योजनांत सभासदाला मालमत्तेची मालकी मिळत नाही. त्याच्याकडे राहतो तो करारातील अटींच्या अधीन असलेला वापराचा हक्क.

हा व्यवसाय आपल्या स्वरूपामुळेच सवलतीच्या मुक्कामाकडे वळतो. पंचवीस वर्षांच्या सुट्या आजच विकत घ्याव्यात, असे कोणत्याही कुटुंबाला आपणहून वाटत नाही आणि त्यासाठी कोणी दुकान शोधत जात नाही. ग्राहक स्वतः येत नसल्यामुळे त्याला आणावे लागते, आणि आणल्यावर दीड-दोन तास एका जागी बसवून ठेवावे लागते. नाममात्र दराची खोली हा त्या उपस्थितीसाठी मोजलेला मोबदला असतो, आणि ज्या मुक्कामांतून विक्री झाली नाही त्यांचा खर्च शेवटी ज्यांनी सभासदत्व घेतले त्यांच्या शुल्कातून भरून काढला जातो. अमेरिकेत ही देवघेव बहुधा उघडपणे लिहिलेली असते: पाहुण्याने नव्वद मिनिटांचे किंवा दोन तासांचे सादरीकरण ऐकले नाही, तर त्याच्याकडून खोलीचा पूर्ण दर आकारला जातो. आपल्याकडे मात्र अनेकदा हीच अट बक्षीस, लकी ड्रॉ किंवा भेट अशा शब्दांखाली झाकलेली असते आणि तिचा उलगडा प्रवासी पोहोचल्यानंतरच होतो.

प्रवासाची सुरुवात त्यामुळे रस्त्यावर होत नाही. मॉलच्या प्रवेशद्वाराजवळ, पेट्रोल पंपावर किंवा एखाद्या प्रदर्शनात भरून घेतलेल्या छोट्या फॉर्मपासून ती होते, आणि जुईनगरच्या रहिवाशाला वाशी व सीवूड्स येथील मॉल लोकलने दोन-दोन स्थानकांवर असल्याने अशा फॉर्मशी त्याची गाठ सहज पडते. गोव्याच्या किनाऱ्यावर हेच काम अनेक वर्षे स्क्रॅच कार्डने केले, ज्यात पर्यटकाने कार्ड खरवडले की बक्षीस निघे आणि ते घेण्यासाठी त्याला रिसॉर्टवर नेले जाई. व्यवसायाच्या परिभाषेत रिसॉर्टबाहेर असे गिऱ्हाईक गाठणाऱ्या माणसाला ओपीसी म्हणतात. फॉर्मवर नाव व मोबाइल क्रमांकासोबत वय, विवाह, नोकरी, उत्पन्नाचा गट आणि क्रेडिट कार्ड आहे की नाही, एवढी माहिती मागितली जाते. म्हणजे ज्याला लकी ड्रॉ म्हटले जाते, ती वास्तविक खरेदीची ऐपत असलेल्यांची निवड असते.

त्यानंतर येणाऱ्या फोनमध्ये एका अटीवर विशेष भर दिलेला आढळतो, ती म्हणजे पती व पत्नी दोघांनी एकत्र येणे बंधनकारक आहे. या अटीचे कारण कौटुंबिक जिव्हाळ्यात शोधण्याची गरज नाही. मराठी मध्यमवर्गीय घरात मोठा खर्च परस्परांना विचारून करण्याची रीत आहे, आणि ‘घरी विचारून सांगतो’ किंवा ‘यांच्याशी बोलून कळवते’ हे वाक्य विक्रेत्याला नकार देण्याचा सर्वांत सभ्य व सर्वांत परिणामकारक मार्ग असतो. दोघेही समोर बसले की हा मार्ग बंद होतो. याच फोनवर कर, बुकिंगचे शुल्क, सक्तीचे जेवण आणि सुटीच्या काळात लागू नसलेल्या तारखा यांचा उल्लेख घाईत होतो किंवा होतच नाही, आणि त्यामुळे फुकट किंवा अर्ध्या दरात म्हणून सांगितलेला मुक्काम प्रत्यक्षात बाजारभावाच्या जवळ जाऊ लागतो. किमतीचा एक भाग आधी दाखवून बाकीचे आकार मागाहून एकेक करून उघड करण्याच्या या पद्धतीला ग्राहक कायद्याच्या परिभाषेत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात.

जुईनगरहून लोणावळ्याला जाणारे कुटुंब शीव–पनवेल महामार्गाला लागून बेलापूर, खारघर व कामोठे मागे टाकते, कळंबोलीला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर येते, खालापूरच्या टोलनाक्याजवळ चहासाठी थांबते आणि खोपोलीपासून बोरघाट चढू लागते. २००२ साली पूर्णपणे खुल्या झालेल्या या द्रुतगती मार्गामुळे लोणावळा नवी मुंबईपासून दीड-दोन तासांवर आले. पावसाळ्यात घाटातील कड्यांवरून कोसळणारे धबधबे, दरीतून वर येणारे धुके आणि गाडीच्या काचा उघडताच आत शिरणारा गारवा यांनी आठवडाभराचा शीण उतरतो. आणि विक्रीच्या दृष्टीने हाच क्षण मोलाचा असतो, कारण सुटीचा आनंद शरीराला प्रत्यक्ष जाणवत असताना दरवर्षीच्या सुटीविषयी होणारे बोलणे मनाला सहज पटते. सादरीकरण शहरातील हॉटेलच्या सभागृहात ठेवण्यापेक्षा रिसॉर्टवरच ठेवले, तर परतीचा मार्ग लांब असल्यामुळे मध्येच उठून जाणेही अवघड होते.

रिसॉर्टच्या स्वागतकक्षात खोलीच्या किल्लीबरोबर दुसऱ्या दिवशीच्या ‘भेटी’ची वेळ दिली जाते आणि ती बहुधा सकाळच्या न्याहारीनंतरची असते, म्हणजे भुशी धरण, कार्ल्याची लेणी किंवा लोहगड पाहण्यासाठी सर्वांत सोयीचे असलेले तास त्यात जातात. मुलांसाठी खेळाची खोली वेगळी ठेवलेली असते, ज्यामुळे आईवडिलांना उठण्याचे निमित्त उरत नाही. सभागृहात लहान लहान टेबले मांडलेली असतात, संगीत मोठ्या आवाजात चालू असते, आणि प्रत्येक दांपत्याला एक स्वतंत्र विक्री-प्रतिनिधी दिलेला असतो. तो आरंभी काहीही विकत नाही. कुटुंब मागील पाच वर्षांत कोठे गेले, हॉटेलवर किती खर्च झाला, मुलांना समुद्र आवडतो की डोंगर, आईवडिलांना कधी काशीला किंवा केरळला नेण्याचा विचार आहे का, असे प्रश्न तो आपुलकीने विचारतो आणि उत्तरे कागदावर लिहून घेतो. पुढे हीच उत्तरे युक्तिवाद म्हणून परत केली जातात, आणि स्वतःच्या तोंडून निघालेल्या इच्छेला नकार देणे माणसाला जड जाते.

यानंतर कागदावर मांडला जाणारा हिशेब या संपूर्ण पद्धतीचा कणा आहे. हॉटेलचा आजचा दर घेऊन त्यात दरवर्षीची भाववाढ धरली जाते, पंचवीस वर्षांची बेरीज केली जाते आणि त्या अवाढव्य आकड्याशेजारी सभासदत्वाची किंमत लिहिली जाते. या मांडणीची परीक्षा एका काल्पनिक उदाहरणाने करता येते. समजा, पंचवीस वर्षांसाठी दरवर्षी सात रात्रींचे सभासदत्व ४,००,००० रुपयांना मिळाले आणि वार्षिक शुल्क १८,००० रुपये आहे. १७५ रात्रींवर प्रवेशशुल्क विभागले असता प्रत्येक रात्रीला सुमारे २,२८६ रुपये पडतात, त्यात वार्षिक शुल्काचे सुमारे २,५७१ रुपये मिळवले की एका रात्रीचा दर सुमारे ४,८५७ रुपये होतो आणि तो आकर्षक वाटतो. परंतु हॉटेलच्या दरांना लावलेली भाववाढ वार्षिक शुल्कालाही लावली आणि ती दरसाल ६ टक्के धरली, तर पंचवीस वर्षांत शुल्कापोटीच सुमारे ९,८७,५०० रुपये जातात आणि रात्रीचा सरासरी दर सुमारे ७,९०० रुपयांवर पोहोचतो. शुल्क स्थिर राहिले पण मुलांच्या परीक्षा, आजारपण किंवा कचेरीतील अडचणींमुळे कुटुंबाला पाचपैकी तीनच वर्षी जाता आले, तर रात्रीचा दर ८,००० रुपयांच्या पुढे जातो. शिवाय तेच चार लाख साडेसहा टक्के व्याजाने मुदतठेवीत ठेवले असते, तर वर्षाला २६,००० रुपये व्याज आले असते. ते आणि न भरावे लागणारे शुल्क मिळून ४४,००० रुपये दरवर्षी सुटीसाठी हाती राहिले असते, ठिकाण व तारीख निवडण्याची मोकळीक राहिली असती आणि मुद्दलही शाबूत राहिले असते. टेबलावरील कागदात मुदतठेवीची ही ओळ नसते, आणि प्रवासाचे भाडे व जेवणाचा खर्च सभासदालाही वेगळा करावा लागतो, ही गोष्टही त्यात लिहिलेली नसते.

हिशेब झाल्यावर किंमत सांगितली जाते आणि ती मुद्दाम चढी असते. दांपत्याने नकार दिला की वरिष्ठ अधिकारी टेबलावर येतो. या बदलीला व्यवसायात टीओ, म्हणजे ‘टेकओव्हर’, असे म्हणतात. तो किंमत एकदम खाली आणतो, जादा रात्री किंवा परदेशातील विनिमयाची सोय मोफत देऊ करतो, आणि हा दर केवळ आजच्या दिवशी व या खोलीतच मिळेल असे सांगतो. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरील कुटुंबाने सभासदत्व घेतल्याची घोषणा होते, टाळ्या पडतात. तरीही नकार कायम राहिला, तर बाहेर पडताना आणखी एक टेबल लागते, जेथे कमी मुदतीचे किंवा चाचणीदाखल सभासदत्व थोड्या रकमेत पुढे केले जाते. या पायऱ्यांमागील मानसशास्त्र अपरिचित नाही. पहिला आकडा पुढील सर्व आकड्यांच्या मूल्यमापनाला ओढून धरतो, हे एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली दाखवून दिले. मोठी मागणी नाकारल्यानंतर आलेली लहान मागणी मान्य होण्याची शक्यता वाढते, हा निष्कर्ष रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडला. मार्सेल मोस या फ्रेंच विचारवंताने १९२५ साली दानाविषयीच्या प्रबंधात सांगितल्याप्रमाणे, स्वीकारलेली भेट घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन टाकते. आणि ज्या समाजात पाहुणचाराची जाण ठेवणे हा संस्कार मानला जातो, तेथे यजमानाने दिलेली खोली व न्याहारी घेतल्यानंतर तोंडावर नाही म्हणणे अधिकच कठीण होते. माणसाच्या सभ्यपणाचाच येथे विक्रीसाठी वापर होतो, हा या पद्धतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

सही करताना दिलेली तोंडी आश्वासने आणि करारातील मजकूर यांत अनेकदा अंतर पडते. हवे तेव्हा बुकिंग मिळेल हे वाक्य करारात ‘उपलब्धतेनुसार’ या शब्दाने मर्यादित झालेले असते. नको झाल्यास सभासदत्व विकता येईल या आश्वासनासमोर हस्तांतराचे शुल्क आणि कंपनीची संमती या अटी उभ्या असतात. आणि वार्षिक शुल्क थकल्यास वापराचा हक्क स्थगित होतो. क्रेडिट कार्डावर घातलेल्या रकमेचे हप्ते मात्र सुटी मिळो वा न मिळो, चालूच राहतात. ज्यांना शाळेच्या सुट्यांचे बंधन नाही, ज्यांना दरवर्षी फिरायचेच आहे आणि ज्यांनी कित्येक महिने आधी आखणी करण्याची शिस्त बाणवली आहे, अशा कुटुंबांना प्रस्थापित कंपनीचे सभासदत्व लाभदायकही ठरते. परंतु आपण त्या कुटुंबांपैकी आहोत किंवा कसे, हे ठरवायला लागणारा निवांत वेळ त्या टेबलावर मिळत नाही.

सुटीच्या हक्काची विक्री कोणत्या टोकाला जाऊ शकते, याचा धडा महाराष्ट्राने पॅनकार्ड क्लब्ज या मुंबईच्या कंपनीच्या प्रकरणात घेतला आहे. या कंपनीच्या योजनांत हॉटेलमधील रात्री आगाऊ विकल्या जात आणि त्या न वापरल्यास मुदतीअखेर वाढीव रक्कम परत मिळण्याची आशा दाखवली जाई, त्यामुळे असंख्य लोकांनी ती सुटीऐवजी ठेव म्हणूनच घेतली. एजंट बहुधा ओळखीतले किंवा नात्यातले असल्याने विश्वासाचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात या योजना सामूहिक गुंतवणूक योजना, म्हणजे अनेकांचा पैसा एकत्र करून लाभाच्या आशेवर चालवलेल्या व नोंदणी आवश्यक असलेल्या योजना, असल्याचे ठरवले आणि ५० लाखांहून अधिक लोकांकडून गोळा झालेले सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्यास सांगितले. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या मुंबईच्याच कंपनीविरुद्ध सेबीने २०१५ साली अशाच स्वरूपाचा आदेश दिला होता. सर्वच सुटी-सभासदत्वे या जातीची नसतात, परंतु सादरीकरणात परतावा किंवा गुंतवणूक हे शब्द उच्चारले गेले, तर ऐकणाऱ्याने तेथेच सावध व्हावे, एवढे या प्रकरणांवरून निश्चित म्हणता येते.

परतीच्या वाटेवर ज्यांना पश्चात्ताप होतो, त्यांच्यासाठी पुढचा प्रवास जुईनगरहून तीन स्थानकांचा आहे, कारण जुईनगर ठाणे जिल्ह्यात मोडते आणि जिल्ह्याच्या अतिरिक्त ग्राहक आयोगाचे काम बेलापूरच्या कोकण भवनातून चालत आले आहे. २० जुलै २०२० रोजी अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याचा अधिकार दिला, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय दूरच्या शहरात असणे आता अडथळा ठरत नाही. घडल्या प्रकारापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि प्राथमिक साहाय्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक उपलब्ध आहे. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. तर एकतर्फी अटी लादणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असे त्याच न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये पायोनिअर अर्बनच्या, घरखरेदीशी संबंधित, प्रकरणात म्हटले. किमतीत धरलेली वस्तू मोफत असल्याचा आभास निर्माण करणे हाही अधिनियमानुसार अनुचित व्यापार आहे.

एवढे असूनही एक मोठी उणीव राहते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाला फसव्या मांडणीने निर्णयाकडे ढकलणाऱ्या युक्त्यांविषयी, मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि खोटी निकड निर्माण करण्यासह तेरा प्रकार नोंदवले, परंतु त्यांचा रोख प्रामुख्याने संकेतस्थळे व ॲप यांच्या मांडणीवर आहे, आणि ‘आजच व इथेच’ असे टेबलावर बसून सांगणाऱ्या माणसापर्यंत तो पोहोचत नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने या विषयाचा नेमका विचार केलेला आहे. विक्रीसाठी बोलावणाऱ्या निमंत्रणात तो हेतू स्पष्ट लिहिलेला असावा, टाइमशेअर गुंतवणूक म्हणून विकू नये, सही केल्यानंतर चौदा दिवसांत कोणतेही कारण न देता करार सोडता यावा आणि त्या काळात ग्राहकाकडून पैसे घेतले जाऊ नयेत, अशी बंधने त्याने घातली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात करार रद्द करण्यासाठी दहा दिवसांची मुदत आहे. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही आणि विचार-मुदत, म्हणजे सही मागे घेण्याचा अवधी, देणे अनेकदा कंपनीच्या नियमावलीवर सोडलेले आहे.

ही मुदत कायद्याने मिळाली पाहिजे, अशी मागणी महाराष्ट्रातून होणे उचित आहे, कारण १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी याच राज्यात ग्राहक चळवळ रुजवली आणि सुटीच्या नावाखाली झालेल्या मोठ्या आर्थिक हानीची झळही याच राज्यातील घरांना लागली. कायदा होईपर्यंत कुटुंबांनी ही मुदत स्वतः घ्यावी. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या सर्व अटी लेखी मागवाव्यात, सादरीकरणाला किती वेळ द्यायचा ते आपसांत ठरवून ठेवावे, क्रेडिट कार्ड खोलीतच ठेवून जावे, कराराची प्रत घरी नेण्यास मागावी आणि ती मिळत नसेल तर त्याच कारणासाठी नकार द्यावा. यजमानाचा पाहुणचार येथे उपस्थितीच्या बदल्यात आधीच ठरलेला असतो. दीड तास ऐकून घेतले की पाहुण्याने आपली बाजू पुरी केलेली असते, आणि त्यानंतर उठून जाण्यात कोणताही अनादर नाही. जी योजना खरोखर हिताची आहे, ती जुईनगरला परत येऊन, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून व मुदतठेवीशी तुलना करून आठ दिवसांनी घेतली तरी हिताचीच राहते. आणि जी आठ दिवस टिकत नाही, तिच्यावर पंचवीस वर्षांची मिळकत बांधून टाकण्याचे कोणत्याही कुटुंबाला कारण नाही.